छताचं अस्तर

बाईंनी अर्ध्या शहराला गाडी चालवायला शिकवली होती. दातांचे डॉक्टर, शाळेच्या मुख्याध्यापिका, फुलवाला, नव्यानं लग्न झालेल्या मुली, निवृत्त झाल्यावर हौस सुचलेले आजोबा, सगळे त्यांच्या हाताखालून गेले होते. सिग्नलला थांबलं की शेजारच्या गाडीची काच खाली व्हायची आणि कोणीतरी ओरडायचं, "बाई, ओळखलंत का?" बाई ओळखायच्या. नावानं नाही, चुकीनं. "तुम्ही क्लचवर पाय ठेवून बसायचात. अजून ठेवता का हो?"

शिकला नव्हता तो एकच माणूस, त्यांचा नवरा. तो शिंपी होता. चौकातल्या दुकानात लोक त्यांना मास्तर म्हणायचे आणि पुढेपुढे घरीदारी तेच नाव पडलं. "घरात एक बाई, एक मास्तर आणि विद्यार्थी एकही नाही," असं बाईंचा धाकटा भाऊ चिडवायचा. मास्तर हसायचे. गाडी शिकायचा विषय निघाला की बाई म्हणायच्या, "बघू पुढे," आणि ते पुढे कधी येतच नसे.

इतकी वर्षं नवख्यांच्या शेजारी बसून बाईंना साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. पडल्या त्या घराच्या दारात, उभी गाडी धुताना. साबणाच्या पाण्यावरून पाय सटकला आणि पाठीवर आपटल्या. मणक्याला तडा गेला. डॉक्टरांनी कमरेला रुंद पट्टा बांधला, उठायचं नाही, बसायचं नाही, नुसतं आडवं राहायचं असं बजावलं, आणि दर आठवड्याला तपासणीला बोलावलं. तेही आडवंच आणायचं.

मग त्यांच्याच गाडीतून न्यायचं ठरलं. पुढची, म्हणजे बाईंची शिकवायला बसायची सीट पूर्ण मागे पाडली की चांगली लांबलचक जागा होई. चालवायला धाकटा भाऊ. तो घरं रंगवायची कामं घेई. अंगानं दरवाजाएवढा, पण लहानपणी पडलेलं बारक्या हे नाव काही सुटलं नव्हतं. मास्तर मागे बाईंच्या उशाशी बसायचे.

गाडीच्या छताचं कापड कधीचंच सुटलं होतं. गाडी चालवणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, त्याची नजर रस्त्यावर. पण आडवं झाल्यावर बाईंना रस्ता दिसेना, दिसे ते छतच. आणि ते छत ओल्या चादरीसारखं पोट काढून खाली आलेलं, कळकट, कुठे चहाच्या डागासारखे डाग. गाडी खड्ड्यातून गेली की ते बाईंच्या नाकाला टेकायचं. मास्तरांनी जाताना सबंध रस्ताभर दोन्ही तळव्यांनी ते वर तोलून धरलं. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचे दंड भरून आले.

परत निघताना त्यांनी खिशातल्या टाचण्या काढल्या आणि शिंप्याच्या सवयीनं कापड वर टाचून टाकलं. पहिल्याच खड्ड्याला एक टाचणी सुटून बाईंच्या गालावर पडली.

"अहो," बाई म्हणाल्या, "मला कापड समजू नका."

बारक्या इतक्या जोरात हसला की गाडी बंद पडली. मास्तरही हसले. तेवढ्यात कापडाच्या मागचा कुजलेला स्पंज भुगा होऊन खाली आला आणि बाईंच्या डोळ्यात गेला. मास्तरांनी रुमालाचं टोक ओलं करून डोळा पुसला.

"गेलं का?"

"गेलं."

पण पाणी थांबेना. कण एकाच डोळ्यात गेला होता आणि पाणी दोन्ही डोळ्यांतून येत होतं, हे मास्तरांच्या ध्यानात आलं. ते रुमाल तेवढा तिथेच धरून बसले.

घरी आल्यावर बाईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि भावाला म्हणाल्या, "बारक्या, ती गाडी तू घेऊन जा. तिचं काय करायचं ते कर. मला दारात नको."

त्यानंतर त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही. मास्तर दुकानातून आले की पूर्वी बाईंकडे हजार गोष्टी असायच्या: अमक्यानं आज चढावर गाडी सोडली, तमकीनं वळताना इशारा उलट्या बाजूचा दिला. आता विचारलं तर तेवढंच उत्तर. औषध घेतलंस? हो. जेवलीस? हो. दुखण्याला औषध होतं, या गप्प बसण्याला कुठून आणणार?

एका रविवारी सकाळी त्यांनी बारक्याला बोलावून घेतलं आणि दारातच हळू आवाजात सांगितलं, "गाडीच्या छताचं अस्तर बदलायचं."

"भाऊजी, गाडी म्हणजे सदरा नव्हे."

"अस्तर आहे ना? जन्मभर तेच लावत आलोय. कोटाला लावलं, छताला लावता येणार नाही?"

"ताईला विचारलंत?"

"तिला कळता कामा नये."

तपासणीला लागते म्हणून बारक्यानं गाडी अजून नेली नव्हती. ती उभी असायची नेमकी बाईंच्या खिडकीखाली, त्यामुळे दोघंही मांजरासारखे वावरत होते. बारक्यानं उन्हाच्या झापडा काढल्या, दिवा काढला, दारांवरच्या धरायच्या मुठी काढल्या, खांबांवरची प्लास्टिकची आवरणं एकेक करून सैल केली. प्रत्येक आवरण सुटताना टक्कन आवाज व्हायचा आणि मास्तर खिडकीकडे बघत ओठांवर बोट ठेवायचे. मग छताचा पुठ्ठा मोकळा झाला. तो सबंधच्या सबंध मागच्या दारातून बाहेर ओढला तेव्हा दोघांच्या डोक्यावर स्पंजाचा पिवळा भुगा पडला. गाडीचं छत म्हणजे आत दाबून घडवलेला एक मोठा पुठ्ठा असतो हे मास्तरांना तेव्हा कळलं. ब्रशनं सगळा भुगा खरवडून काढला. मास्तरांनी दुकानातून कोटाचं तलम अस्तर आणलं होतं, छान मोतिया रंगाचं. बारक्यानं गोंदाचा फवारा मारला, मास्तरांनी कापड पसरलं आणि हात फिरवला.

गोंद कापडातून वर आला. मोतिया अस्तरावर बघता बघता तेलकट डाग पसरले. घाईघाईनं कापड ओढायला गेले तर ते बोटांना चिकटलं, बोटं पुठ्ठ्याला चिकटली. "उचला, उचला," म्हणत दोघांनी पुठ्ठा मधूनच उचलला आणि तो दिव्याच्या भोकापाशी कडकन तडकला.

मास्तर हात धुऊन खोलीत आले. बाई डोळे मिटून पडल्या होत्या. पांघरूण सारखं करायला गेले तर पांघरूण बोटाला चिकटून वर आलं.

"काय मोडलंत?" बाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"कुठे काय?"

"सकाळपासून टक्‌ टक्‌ ऐकतेय. मग कड्‌ असं झालं. काय मोडलंत?"

मास्तरांचा चेहरा चोरी सापडल्यासारखा झाला. "छत," ते म्हणाले.

"कुठून?"

"दिव्यापाशी."

"मधून उचललंत ना?"

मास्तर बोटाला चिकटलेलं पांघरूण सोडवू लागले.

"तो बारक्या कुठेय? त्याला आत बोलवा. नाही, थांबा. मला दाखवा काय करून ठेवलंय ते."

पण दाखवणार कसं? पुठ्ठा दारातून आत येईना आणि बाईंना उठून खिडकीतून बघायची परवानगी नव्हती. मास्तर थोडा वेळ कपाळ चोळत उभे राहिले आणि मग तडक दुकानात गेले. परत आले ते गिऱ्हाइकांचा उंच आरसा बारक्याच्या पाठीवर लादून. तो त्यांनी खिडकीत तिरका बांधला. पुढचे कित्येक दिवस दुकानात लोक आरशाशिवाय कपडे घालून बघत होते. मास्तर सांगायचे, "छान दिसतंय, माझ्यावर भरवसा ठेवा."

आरशात बाईंना सगळं दिसलं: कपडे काढल्यासारखी उघडी पडलेली त्यांची गाडी, तडकलेला पुठ्ठा, डागाळलेलं अस्तर, आणि त्याच्या मध्ये केसांत पिवळा भुगा घेऊन उभे असलेले नवरा आणि भाऊ. बाईंनी बराच वेळ पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. पट्ट्यामुळे हसायला त्रास होत होता, तरी त्या हसत होत्या. "हसवू नका, दुखतंय," म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या.

त्या दिवसापासून कामाची सूत्रं अंथरुणावरून हलू लागली.

आधी पुठ्ठा. मास्तरांनी कॉलरमध्ये घालायची कडक कॅनव्हास आणला आणि तड्याच्या मागून रुंद पट्टीसारखा चिकटवला. बारक्या म्हणाला, "ताई, तुलाही पट्टा, हिलाही पट्टा. दोघींनी हलायचं नाही." पुठ्ठा वाळेपर्यंत बारक्यानं त्यावर विटा रचून ठेवल्या.

मग कापड. गाडीला मागून पातळ स्पंज लावलेलं कापड लागतं, त्यातून गोंद वर येत नाही, हे बारक्या विचारून आला. मास्तर नमुन्यांचे तुकडे घेऊन आले आणि बाईंच्या हातात द्यायला लागले.

"हातात काय देता? मी ते हातात घेऊन बघणार आहे का? वर धरा."

मास्तर स्टुलावर चढले आणि खोलीच्या छताला एकेक तुकडा लावून उभे राहिले. बाई खालून बघत होत्या, मान न हलवता, नुसत्या डोळ्यांनी.

"हा करडा?"

"पाऊस येईलसं वाटतं."

"ही बारीक फुलं बघ. किती नाजूक आहेत."

"फुलं नकोत. मी मोजत बसेन."

"निळा?"

"जरा डावीकडे धरा. उजेडात." बाई थांबल्या. "नको. दवाखान्याच्या भिंती तशाच आहेत."

शेवटी फिकट हिरवा निघाला, कोवळ्या वाटाण्याच्या आतल्या बाजूसारखा. बाईंची नजर त्यावरच राहिली. मास्तरांचे हात अवघडले, तरी तुकडा तसाच धरून राहिले, कारण बाईंच्या चेहऱ्यावरची आठी सुटत चालली होती आणि हात खाली घेतला तर ती परत येईल अशी त्यांना धास्ती होती.

"हाच," बाई म्हणाल्या. "आता उतरा, पडाल. या घरात एक पाठ मोडली तेवढी पुरे."

छत तयार होतंय तर दारांची आवरणं तरी जुनी कशाला ठेवायची, असं निघालं. ती बारक्याच्या हातची गोष्ट. साबणानं धुवायची, बारीक पॉलिश पेपरनं घासायची, अस्तराचा रंग मारायचा आणि वाळला की वरून खरा रंग, पातळ पातळ हात देऊन. "तुम्ही अस्तर म्हणता ते कापडाचं, आम्ही म्हणतो ते रंगाचं," बारक्या म्हणाला. "अस्तराशिवाय धंदा नाही, भाऊजी." घासायचं काम मास्तरांकडे आलं. खिडकीखाली पाट टाकून ते बसायचे आणि प्लास्टिकवरून हात फिरवत राहायचे. चालवणाऱ्याच्या बाजूच्या दारावर नखांचे ओरखडेच ओरखडे होते. शिकाऊ माणसाला घाम फुटला की हात आधी तिथे जायचा.

"हा खोल ओरखडा कुणाचा गं?" ते खालून विचारायचे.

"दातांच्या डॉक्टरांचा. समोरून ट्रक आला होता. लोकांचे दात उपटतात, पण ट्रक बघून डोळे मिटून घेतले."

असं करत ते मुठींपाशी आले. दारांच्या वर धरायला असतात त्या मुठी. तीन मुठींचं प्लास्टिक नव्यासारखं खरबरीत होतं. चौथी, बाईंच्या बाजूची, झिजून गुळगुळीत झाली होती आणि आतल्या बाजूला बोटांच्या जागी किंचित खळगे पडले होते. मास्तरांनी आपली बोटं त्यात घालून पाहिली. त्यांच्या बोटांना ते खळगे लहान पडले.

"तुझ्या बाजूची मूठ अशी कशी झाली?"

आरशात बाईंचे डोळे त्यांच्याकडे वळले. "धरून धरून."

"तू तर म्हणायचीस, भीती कसली, सवय झाली."

"शिकणाऱ्यासमोर तसंच म्हणावं लागतं. बाई घाबरल्या असं कळलं की तो स्टिअरिंग सोडून देईल."

"मलाही तेच सांगायचीस."

बारक्या रंगाचा डबा आणायला गेला होता, खिडकीशी दोघंच होते.

"रोज वाटायची," बाई म्हणाल्या. "गाडीतून उतरले की दाराशी थोडी थांबायचे आणि हसत आत यायचे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दुकानात बसून माझी वाट बघत राहिला असता. तुमच्या शिलाया वाकड्या झाल्या असत्या."

इतकी वर्षं ही दारात थांबून धीर गोळा करत होती आणि आपण आत मशीन चालवत होतो. तिचं हसणं आपण जसंच्या तसं घेतलं.

"म्हणून मला शिकवलं नाहीस?" त्यांनी विचारलं.

"परक्या माणसाशेजारी बसलं की माझा एकटीचा जीव मुठीत धरायचा असतो," बाई म्हणाल्या. "तुमच्याशेजारी दोघांचा धरावा लागला असता. तेवढी मोठी मूठ नाही त्या गाडीत."

मास्तरांच्या हातात पॉलिश पेपर तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला, ओल्या फडक्यानं मूठ स्वच्छ पुसली आणि बाजूला ठेवली. बारक्या आल्यावर म्हणाला, "ही घासायची राहिली की."

"ती झाली," मास्तर म्हणाले.

कापड लावायचा दिवस उजाडला. पहिल्या फजितीनंतर पुन्हा चुकायची सोय नव्हती. पुठ्ठा दोन टेबलांवर ठेवला, कापड वर पसरलं आणि अर्धं मागे दुमडलं. गोंद पुठ्ठ्यालाही मारायचा आणि कापडाच्या पाठीलाही. मग थांबायचं. मास्तरांना थांबवेना.

"हात लावू नका, भाऊजी. बोटाला चिकटेनासा झाला की मगच."

"झाला असेल."

"नाही झाला," आरशातून बाई म्हणाल्या. "अजून चमकतोय."

चमक गेल्यावर मास्तरांनी कापड मधून बसवायला सुरुवात केली. मधून कडेकडे, तळव्यानं, दाब न देता. आरशामुळे उजेड तिरका पडत होता आणि बारीकशी सुरकुतीही बाईंना आधी दिसायची.

"डावीकडे फुगलंय. डावीकडे! अहो, ते उजवं झालं."

"तू म्हणालीस डावीकडे."

"आरशातलं डावं. तुमचं उजवं. अरे देवा, जन्मभर लोकांना डावं-उजवं शिकवलं आणि आता माझंच उलटं झालं!"

मग दिव्याची खोलगट जागा आली. कापड ताणलं असतं तर तिथे ते आज ना उद्या पुन्हा सुटलं असतं. मास्तरांनी खांद्याला बाही चढवताना करतात तसं केलं: जास्तीचं कापड ओढायचं नाही, बोटांच्या टोकांनी थोडं थोडं आत ढकलत जिरवायचं. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि बारक्या तो कापडावर पडू नये म्हणून फडक्यानं टिपत होता. खळगा भरत आला, कापड त्याच्या तळाला जाऊन बसलं आणि तिथेच राहिलं. बारक्यानं सोडलेला सुस्कारा खिडकीतून आत ऐकू गेला.

पुठ्ठा गाडीत चढवताना तो दोन्ही कडांनी, अलगद, एखाद्या आजाऱ्याला उचलावं तसा उचलला. खांबांची आवरणं बसली, झापडा बसल्या, दिवा लागला. रंगवलेली दारं अजून ओली आहेत असं वाटावं इतकी स्वच्छ दिसत होती.

पुढच्या तपासणीला बाईंना उचलून सीटवर ठेवलं तेव्हा त्यांनी आधी डोळे घट्ट मिटले. मास्तर उशाशी बसले. गाडी सुरू झाली आणि मग बाईंनी डोळे उघडले. वर कुठेही काही लोंबत नव्हतं. खिडकीतून आलेला उजेड त्या फिकट हिरव्यावरून सरकत होता, झाडांच्या सावल्या येत होत्या, जात होत्या. बाई बघत राहिल्या. मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले.

"मागच्या कोपऱ्यात एक सुरकुती आहे," बाई म्हणाल्या.

"दिसली का?"

"मला दुसरं काम काय आहे?"

"काढतो उद्या."

"राहू द्या. माझ्या कपाळावर आहेत त्या काढता का?"

बारक्याला त्यांनी वळणावर वेग कमी करायला सांगितलं. पुढच्या चौकात गिअर बदलायला उशीर केल्याबद्दल झापलं. "इंजिन रडतंय, ऐकू येत नाही का तुला?" मग पुलावर बारक्यानं मुद्दामच इंजिनाला थोडं रडू दिलं आणि बोलणं खायची तयारी करून बसला. मागून काहीच आवाज आला नाही.

"ताई रागावली का?" त्यानं हळूच विचारलं.

मास्तरांनी वाकून पाहिलं. बाई झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, हात पट्ट्यावर सैल पडलेला. मास्तरांचा क्षणभर विश्वास बसेना. बाई कधी गाडीत झोपत नसत. लग्नानंतर दोघं लांबच्या प्रवासाला गेले होते तेव्हाही सगळी बस घोरत होती आणि बाई ताठ बसून ड्रायव्हरच्या मानेवर नजर ठेवून होत्या.

डॉक्टरांनी त्या दिवशी तडा भरत आल्याची बातमी दिली. पुढे बाई आधी काठी घेऊन, मग काठीशिवाय चालू लागल्या, आणि हळूहळू शिकवायलाही बसू लागल्या, थोडा वेळ का होईना. पण बरं होणं कुठून सुरू झालं असं मास्तरांना विचाराल, तर ते डॉक्टरांच्या बातमीचं नाव काढत नाहीत. ते त्याआधीचं, दवाखान्याच्या आवारातलं सांगतात.

बारक्यानं गाडी सावली बघून उभी केली आणि इंजिन बंद केलं. स्ट्रेचर घेऊन दोघं जण लगबगीनं आले. मास्तरांनी काचेआडून हात जोडले आणि बाईंकडे बोट दाखवलं. स्ट्रेचरवाले थबकले. बारक्या आवाज न करता उतरला, दार नुसतं लोटून ठेवलं, आणि आत जाऊन नर्सबाईंना म्हणाला, "आमच्या आधी दुसऱ्या कुणाला घेता का?"

"का? पेशंट आला नाही?"

"आलाय. झोपलाय."

नर्सबाई खिडकीपाशी येऊन डोकावून गेल्या. ऊन सरकत सरकत मागच्या काचेतून आत आलं आणि बाईंच्या पापण्यांवर पडायला लागलं. मास्तर थोडे पुढे सरकले, ऊन आपल्या पाठीवर यावं म्हणून. तसं बसून त्यांचा पाय बधिर झाला. त्यांनी तो हलवला नाही.